कविशिवे तळ्यावर आईंना घेऊन

सत्तरीला टेकलेल्या सासूबाईंना घेऊन जंगलात तंबूत राहायचं म्हटलं की पहिला प्रश्न संडासाचा येतो, दुसरा झोपायचा. अस्वल, पाऊस, थंडी हे सगळं त्यानंतर. इकडे मिनेसोटात आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत उन्हाळ्यात भारतातून आई-वडील येतात. शिकागो, नायगारा आणि डुलुथचा उचलपूल दाखवून झाला की उरलेले महिने ती माणसं घरात नाहीतर घरासमोरच्या फुटपाथवर काढतात. त्यांना जंगलात न्यायचं कुणी फारसं मनावर घेत नाही, कारण ‘झेपेल का’ याचं उत्तर आपण त्यांना न विचारताच देऊन टाकतो. आमच्या आई भंडारा जिल्ह्यातल्या, साकोलीकडच्या. सारा जन्म तळ्यांच्या मुलखात गेलेला. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “पाणी आहे न तिथं? मंग चाल.”

जागा ठरवली ती कविशिवे तळ्याकाठची. मिनेसोटाच्या ईशान्य टोकाला सुपीरियर नॅशनल फॉरेस्ट आहे. १९०९ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी राखीव केलेलं हे जंगल आज जवळपास ३० लाख एकरांचं आहे. त्यातली मोठी कॅम्पग्राउंडं आधीपासून बुक होतात. पण आतल्या कच्च्या रस्त्यांवर वनखात्याने काही अगदी छोट्या जागा राखल्या आहेत, कविशिवे त्यांतली एक. तंबूच्या जागा पाचच. बुकिंग नाही, भाडं नाही, वीज नाही, नळ नाही की हापसा नाही, कचरापेटी नाही, मोबाइलला रेंज नाही. प्रत्येक जागेला एक लाकडी टेबल, जाळी बसवलेली लोखंडी चूल आणि तंबूपुरती सपाट जमीन. सगळ्यांत मिळून खड्ड्याचा संडास. समोर तळं. जो आधी येईल त्याची जागा. कुणाच्याही खिशाकडे न बघता एवढी सुंदर जागा सरकारने सगळ्यांना मोकळी ठेवावी, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं, आणि त्यामुळेच ती कशी वापरायची याबद्दल मी घरात जरा कडक असते.

बुकिंग नसल्यामुळे वार साधावा लागतो. शुक्रवार-शनिवारी अशा ठिकाणी जागा मिळणं नशिबावर. रविवारी दुपारी मात्र शहरातली मंडळी परतीला लागतात आणि जागा रिकाम्या होतात. म्हणून आम्ही ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला रविवार धरला. मे-जूनमध्ये चावून रक्त काढणाऱ्या काळ्या माश्या तोवर संपलेल्या असतात, डासही उतरणीला लागलेले असतात आणि पाणी अजून पोहण्याइतकं उबदार असतं. पुढच्या आठवड्यात लेबर डेच्या सुट्टीची गर्दी होणार, पोळाही जवळ आलेला. मधली ही फट सोन्यासारखी असते. जागा भरलेल्या निघाल्याच तर वाटेत आणखी कुठे थांबता येईल अशी दोन-तीन तळी कागदी नकाशावर खुणा करून ठेवली होती. कागदीच नकाशा. आत गेल्यावर फोनमधला नकाशा हमखास दगा देतो. शुक्रवारी वनखात्याच्या कचेरीत फोन लावून आग पेटवायला बंदी आहे का आणि त्या भागात अस्वलांचा त्रास आहे का, हेही विचारून घेतलं होतं.

आता संडास. आईंना मी आधीच फोटो दाखवले. खाली सिमेंटची मोठी टाकी, वर बसायचं भांडं, मागे वास वर नेणारी उंच नळी, दाराला आतून कडी. फ्लश नाही, पाणी नाही, दिवा नाही. त्यांचा प्रश्न सरळ होता, तांब्या नेता येतो का? येतो. झाकणाची पाच लिटरची एक कॅन आणि प्लॅस्टिकचा मग आम्ही फक्त त्या कामासाठी वेगळा ठेवला, दोन्हीवर लाल चिकटपट्टी लावली. डोक्याला बांधायचा दिवा आईंना स्वतंत्र दिला आणि तो लावायची घरीच सवय करून घेतली. रात्री हातात बॅटरी धरली की एक हात अडकतो, आणि त्या वयात दोन्ही हात मोकळे असणं फार गरजेचं. त्या टाकीत कागदाशिवाय काही टाकायचं नसतं. डायपर, ओले वाइप्स, पिशव्या टाकल्या की टाकी उपसणाऱ्या गाडीचा पाइप तुंबतो, आणि ती गाडी तीसेक मैल आतल्या रस्त्याने आलेली असते. रात्री तंबूपासून संडासापर्यंत जाताना एकट्याने जायचं नाही, मला उठवायचं, एवढी एक अट मी घातली. त्यांनी ती पाळली.

झोपण्याच्या बाबतीत मी बरंच वाचलं होतं, पण उपयोगी पडलं ते आईंचं गोधडीचं ज्ञान. खाली जमिनीवर झोपून उठणं त्यांच्या गुडघ्यांना जमणार नव्हतं म्हणून घडीची खाट घेतली. खाटेची गोम अशी की खालून हवा खेळते. ऑगस्टच्या शेवटी तिथे रात्री पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरतो, आणि स्लीपिंग बॅग पाठीखाली दबली की तिच्यातली ऊब निघून जाते. वरून कितीही पांघरा, पाठ गार पडते. आईंनी सोबत आणलेली जुन्या लुगड्यांची जाड गोधडी आधी खाटेवर दुमडून घातली, तिच्यावर फोमची पट्टी, तिच्यावर स्लीपिंग बॅग. “थंडी खालूनच चढते,” त्या म्हणाल्या, आणि कानटोपी चढवून झोपल्या. सुती कापड ओलं झालं की तिथे वाळता वाळत नाही, म्हणून गोधडी दिवसा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायची आणि रात्रीच काढायची, एवढी काळजी मी घेतली. साडी आईंनी गाडीतच ठेवली. लेकाची ट्रॅकपँट, लोकरीचे मोजे आणि त्यावर स्वेटर असा त्यांचा वेश शेवटपर्यंत राहिला.

रविवारी पहाटे सेंट पॉलजवळच्या घरून निघालो. डुलुथनंतर ६१ नंबरचा रस्ता लेक सुपीरियरच्या कडेकडेने जातो. तोफ्टे गावात पेट्रोलची टाकी भरून घेतली, ठरवून ठेवलेली भाड्याची कनू, म्हणजे वल्हवायची अरुंद, हलकी होडी, टपावर बांधली आणि जळणाची लाकडंही तिथेच घेतली. घरून लाकडं नेली नाहीत. अ‍ॅश झाडं पोखरून मारणारा हिरवा किडा २००९ साली सेंट पॉलमध्ये सापडला, आणि तो नव्या जंगलात पोचतो तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी डिकीतल्या जळणातून. त्यामुळे जळण जिथे जाळायचं तिथलंच घ्यावं.

तोफ्टेहून सॉबिल ट्रेल नावाचा रस्ता लेक सुपीरियरकडे पाठ करून उत्तरेला चढतो. काही मैलांवर डांबर संपतं, मग खडी, मग पश्चिमेला वळून आणखी खडी. तीसेक मैलांना सवा तास लागला. ओंडके भरलेले ट्रक समोरून येतात, त्यामुळे वळणावर कडेला राहायचं. वाटेत एक ओळखू न येणारी सीमा आपण ओलांडतो. दक्षिणेकडच्या उतारावरचं पाणी सुपीरियरमध्ये उतरून अटलांटिककडे जातं आणि पलीकडचं उत्तरेला हडसनच्या उपसागराकडे. कविशिवेचं पाणी हडसनकडचं. हे आईंना सांगितलं तेव्हा त्यांनी गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंची डबकी नीट बघितली.

पाचांपैकी दोन जागा मोकळ्या मिळाल्या. जागा निवडताना लोक आधी तळ्याचं दृश्य बघतात. मी आधी वर बघते. ४ जुलै १९९९ ला या पट्ट्यात असं वादळ आलं की लाखो झाडं काही तासांत आडवी झाली. तेव्हापासून इथल्या जाणत्या माणसांनी आम्हाला शिकवलेलं पहिलं काम म्हणजे मान वर करून वाळलेलं खोड, अडकलेली फांदी, शेंडा मोडलेला बर्च शोधणं. पहिल्या जागेवर तंबूच्या बरोब्बर वर एक वठलेला स्प्रूस कललेला होता. ती सोडली. दुसरी थोडी आत होती, पण वर निरोगी जॅक पाइन आणि खाली खडकाचा सपाट पट्टा. तंबूचं दार आम्ही संडासाच्या वाटेकडे ठेवलं, तळ्याकडे नाही. वाटेवर तीन-चार ठिकाणी मुळं वर आली होती, त्यांवर लेकीने पांढऱ्या दोरीचे तुकडे बांधून ठेवले. निघताना ते सोडून घेतले.

चुलीत मात्र आधीच्या कुणाचा तरी पसारा होता. अर्धवट जळालेले बिअरचे डबे, अ‍ॅल्युमिनियमचा कागद, काच, आणि खरकट्याची पिशवी. मला संताप आला आणि अजूनही येतो. अ‍ॅल्युमिनियम लाकडाच्या जाळात नाहीसं होत नाही, तुकडे होऊन राखेत मिसळतं. आणि खरकट्याच्या त्या एका पिशवीमुळे अस्वलाला कळतं की माणसाच्या जागेवर खायला मिळतं. असं शिकलेलं अस्वल पुढे तंबूपर्यंत येतं, आणि शेवटी बळी त्या अस्वलाचाच जातो. अशा ठिकाणी रोज झाडायला माणूस येत नाही. आम्ही हातमोजे घालून सगळं उपसलं, दुहेरी पिशवीत बांधलं आणि गाडीत ठेवलं. आमच्याबरोबर ते घरी आलं.

अस्वलांसाठीचा नियम सोपा आहे, पण चोवीस तास पाळावा लागतो. ज्याला वास आहे ते सगळं गाडीत, काचा वर, कुलूप लावून. यात खाणं तर आलंच, पण टूथपेस्ट, साबण, बाम, खोबरेल तेल, आईंच्या उदबत्त्या, गोळ्यांच्या डब्यातली खडीसाखर, हेही आलं. आईंनी उशाला ठेवलेली सुपारीची डबी रात्री मी मागून घेतली, तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि दिली. सुकट आणायचा त्यांचा बेत मी घरीच मोडला होता. तिथली काळी अस्वलं माणसाच्या अंगावर सहसा येत नाहीत. त्यांचं नाक मात्र भलतंच तिखट, आणि तुपात हिंग-लसणाची फोडणी दिली की तो वास किती लांब जातो हे आपल्याला माहीत आहे. म्हणून स्वयंपाक तंबूपासून दूर, टेबलावरच्या गॅसच्या शेगडीवर. भांडी घासायची ती तळ्यात नाही. पाणी बादलीत काढून दीड-दोनशे फूट आत जाऊन घासायची, खरकटं गाळून पिशवीत, उरलेलं पाणी जमिनीवर पसरून टाकायचं. साबण कितीही ‘निसर्गस्नेही’ असला तरी तळ्यात नको.

खायला आम्ही ओझं होईल असं काही नेलं नव्हतं. भाजणी, मेतकूट, चिन्नोर तांदूळ, मुगाची डाळ, जवसाची चटणी, दुधात भिजवलेल्या दशम्या, तूप, लोणचं. सकाळी थालीपीठ, रात्री खिचडी किंवा झुणका-भात. पिण्याचं पाणी घरून सात गॅलनच्या निळ्या डब्यात आणलं होतं, ते फक्त आईंसाठी आणि औषधांसाठी. बाकीच्यांनी तळ्याचं प्यायलो. ते पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. आजूबाजूच्या दलदलीतल्या शेवाळ आणि पाल्याचा अर्क त्यात उतरतो, रंग त्याचा, घाण म्हणून नाही. पण बीव्हर आणि इतर प्राण्यांमुळे जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा धोका असतो, म्हणून गाळल्याशिवाय किंवा उकळल्याशिवाय प्यायचं नाही. फांदीला वरची पिशवी टांगायची, खाली स्वच्छ पिशवी, मध्ये फिल्टर. दहा मिनिटांत पिशवी भरते. लेकीने ते काम स्वतःकडे घेतलं होतं, आणि गढूळ पाण्याची पिशवी व स्वच्छ पाण्याची पिशवी यांची अदलाबदल होणार नाही यावर तिची करडी नजर असे.

सोमवारी दुपारी जोराचा पाऊस आला. ताडपत्री आधीच दोन पाइनांमध्ये तिरकी बांधलेली होती, तिच्याखाली बसून पत्ते खेळलो. पाऊस थांबल्यावर मऊ झालेल्या वाटेवर मूस या अजस्र सांबरासारख्या प्राण्याचे खूर उमटलेले दिसले, माझ्या पंजाहून लांब. प्राणी दिसला नाही. ईशान्य मिनेसोटात २००६ साली साडेआठ हजारांच्या पुढे मूस होते. अलीकडच्या गणनांत ते साधारण साडेतीन-चार हजारांच्या आसपास भरतात. हिवाळे सौम्य झाल्याने वाढलेल्या गोचिडी आणि हरणांकडून येणारा मेंदूचा कृमी, अशी दोन मोठी कारणं अभ्यासक सांगतात. एकेका मूसच्या अंगावर हजारोंनी गोचिडी चढतात आणि हिवाळ्याच्या शेवटी तो रक्त आटून मरतो. हे वाचलेलं होतं, पण चिखलातला तो ताजा खूर बघितल्यावर मनाला जास्त लागलं.

मंगळवार पाण्याचा. कविशिवे तळ्याचा बहुतेक भाग बाउंडरी वॉटर्स या संरक्षित क्षेत्रात येतो. १९६४ च्या कायद्याने आणि मग १९७८ च्या खास कायद्याने राखलेला दहा लाखांहून अधिक एकरांचा हा प्रदेश, हजारावर तळी, आणि बहुतेक ठिकाणी मोटर लावायला मनाई. मुक्कामाला जायचं तर ठरावीक संख्येतला परवाना आधी काढावा लागतो. दिवसापुरतं वल्हवायचं असेल तर तळ्याच्या धक्क्यावर एक लाकडी पेटी असते, तिच्यातला कागद स्वतः भरायचा. माणसं किती, होड्या किती, कुठून कुठे. एक भाग पेटीत टाकायचा, दुसरा जवळ ठेवायचा. पैसे नाहीत. डबाबंद खाणं आणि काचेच्या बाटल्या आत न्यायला बंदी, म्हणून लोणचं प्लॅस्टिकच्या बरणीत. कागदावर सही आईंनी केली, मराठीत.

आई कनूत कशा बसतील याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. लाइफ जॅकेट सगळ्यांनी चढवली, पट्टे ओढून बघितले. कनू पाण्यात अर्धी, काठावर अर्धी, माझ्या नवऱ्याने दोन्ही गुडघ्यांत धरून ठेवलेली. मी आईंना सांगायला तोंड उघडलं तोवर त्या खाली वाकल्या, एक हात पुढच्या आडव्या पट्टीवर, पाय बरोबर मधोमध, आणि एका हालचालीत खाली तळाला उशीवर बसल्या. कडा धरल्या नाहीत. हात मांडीवर. लहानपणी गावच्या तलावात मासेमारी करणाऱ्या ढीवरांच्या डोंग्यातून त्या कितीदा तरी पलीकडे गेल्या होत्या, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. “डोंग्यात कडा धरली का डोंगा उलटते,” त्यांनी नातीला सांगितलं. लेकीने लगेच कडा सोडली.

काठ धरून हळूहळू वल्हवत गेलो. समोर लून पक्ष्यांची जोडी आणि त्यांचं राखाडी पिल्लू. लून हा मिनेसोटाचा राज्यपक्षी. त्याची हाडं बाकी पक्ष्यांसारखी पोकळ नसतात, बरीचशी भरीव असतात, त्यामुळे तो बुडी सहज मारतो, पण उडायला त्याला पाण्यावर लांबलचक धाव घ्यावी लागते. सप्टेंबरमध्ये आई-बाप आधी दक्षिणेच्या समुद्राकडे निघून जातात आणि पिल्लं मागाहून, कुणी वाट न दाखवता, जातात. पुढची दोन-तीन वर्षं ती समुद्रावरच राहतात. हे ऐकून आई बराच वेळ त्या पिल्लाकडे बघत राहिल्या. लेक परदेशी असलेल्या बाईला यात काय दिसलं असेल, ते मी विचारलं नाही.

उथळ खाडीत वळलो तेव्हा कनूच्या दोन्ही बाजूंना गवत लागलं. पाण्यातून कमरेएवढं वर आलेलं, शेंड्याला दाणे. आईंनी एक ताटवा हलकेच वाकवून जवळ घेतला. दाणा लांब, बारीक, जांभळट तपकिरी, आणि त्याच्या टोकाला बोटभर लांब कूस, म्हणजे कुसळ, खरखरीत. त्यांनी दोन बोटांत कूस उलट-सुलट ओढून बघितली. “अगं माय! हे त देवधान होय.”

साकोली-लाखनीकडच्या तलावांत आपोआप उगवणारं देवधान मी ऐकून होते, पाहिलेलं नव्हतं. कुणी पेरत नाही, कुणी नांगरत नाही. आईंच्या लहानपणी ढीवर पाण्यात उतरून ते टोपलीत झाडून आणायचे, आणि घरोघरी ऋषिपंचमीसाठी मूठ-मूठ जपून ठेवलं जायचं, कारण त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. कविशिवेत होतं ते मनोमिन, म्हणजे इथला जंगली भात. दोन्ही गवतंच, दोन्हींना कूस, दोन्ही पाण्यातली, पण देवधान आपल्या रोजच्या भाताच्या कुळातलं आणि मनोमिन त्याचं लांबचं भावंड. आईंना वनस्पतिशास्त्र सांगायची गरज नव्हती. त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच. कोण काढतं? कसं काढतं? कोणाचा हक्क?

हे मला माहीत होतं, म्हणून कनू त्या गवतातच थांबवून सांगितलं. हा सगळा मुलूख ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी लोकांचा. पाण्यावर अन्न उगवतं तिथवर पश्चिमेला जा, असं त्यांच्या पूर्वजांना सांगितलं गेलं होतं आणि ते अन्न म्हणजे मनोमिन, अशी त्यांची परंपरा आहे. १८५४ साली ला पॉइंटच्या तहात त्यांनी ही जमीन अमेरिकेच्या सरकारला दिली, पण या जमिनीवर शिकार करायचा, मासे धरायचा आणि वेचून आणायचा हक्क राखून ठेवला. तो आजही आहे. बाकीच्यांना राज्य सरकारचा परवाना काढावा लागतो. हंगाम १५ ऑगस्टपासून, तोही सकाळी नऊ ते दुपारी तीन. मोटर चालत नाही, यंत्र चालत नाही. एकजण लांब बांबूसारख्या काठीने होडी रेटतो, दुसरा एका छोट्या काठीने ताटवा होडीत वाकवतो आणि दुसऱ्या काठीने त्यावर हलकेच टोले देतो. पिकलेला दाणा पडतो, हिरवा तसाच राहतो, आणि बराचसा पाण्यात पडून पुढच्या वर्षी उगवतो. “म्हणजे ढीवरांसारखंच,” आई म्हणाल्या. आमच्याकडे परवाना नव्हता. हातातला दाणा त्यांनी पाण्यात टाकला आणि नातीला कूस कशी ओळखायची ते दाखवत बसल्या.

दुपारी नवरा आणि लेक दोघंच पुढे नदीतून स्क्वेअर लेक आणि तिथून कावासाचाँगपर्यंत जाऊन आले. मधे दोनदा कनू डोक्यावर घेऊन चालावं लागतं. त्या भागात २०११ ची पागामी क्रीकची आग पोचली होती. १८ ऑगस्टला वीज पडून लागलेली ती आग बरेच दिवस छोटीच होती, मग १२ सप्टेंबरला वाऱ्याबरोबर एका दिवसात मैलोन्‌मैल धावली, आणि शेवटी ९० हजार एकरांहून अधिक जंगल जळालं. लेक सांगत होती की आता तिथे तिच्या दुप्पट उंचीचे जॅक पाइन दाट उभे आहेत, मधूनमधून काळे खांब. जॅक पाइनची काही बोंडं राळेने घट्ट मिटलेली असतात आणि आगीच्या उष्णतेनेच उघडतात. ती एक बोंड उचलून दाखवायला आणणार होती, पण तिथली वस्तू तिथेच ठेवायची म्हणून तिने वहीत चित्र काढून आणलं. खवले किती घट्ट आहेत ते दाखवायला पेन्सिल दाबून दाबून कागद फाटला होता.

इतक्या आत असताना औषधपाण्याचं काय, हे मला परतल्यावर सगळ्यांत जास्त विचारलं गेलं. आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत विभागून ठेवल्या होत्या, म्हणजे एक पिशवी भिजली तरी दुसरी आहे. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र सोबत होतं, रोज संध्याकाळी नणंदेला ‘सगळे ठीक’ एवढा मजकूर जायचा. गाडी तोंड रस्त्याकडे करून लावलेली, किल्ली ठरल्या खिशात. आणि झोपण्याआधी रोज पाय, गुडघ्यामागची बाजू, केसांची कड दिव्याखाली तपासायची, गोचिडीसाठी. हरणावरची बारीक गोचीड तिळाएवढी असते आणि लाइम रोग देते. आईंचे पाय मी तपासायचे, माझे त्या.

बुधवारी सकाळी आवरलं. चूल विझवायला वीस मिनिटं राखून ठेवावीत असं माझं मत आहे. पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघायची. ऊब लागली तर पुन्हा पाणी. आईंनी ते स्वतः केलं, चार बादल्या लागल्या. उरलेली चिरलेली लाकडं टेबलाखाली कोरड्यात रचली. आम्ही निघतानाच एक वयस्कर जोडपं ट्रक घेऊन आलं. त्यांना आम्ही सोडलेल्या पहिल्या जागेवरचा कललेला स्प्रूस दाखवला आणि टेबलाचं एक फळकूट सैल आहे ते सांगितलं.

परतीच्या वाटेवर डुलुथला ओजिब्वे लोकांनी होडीतून काढून लाकडाच्या जाळावर भाजलेलं मनोमिन मिळालं, एक पौंड घेतलं. शेतात यंत्राने पिकवलेला काळा चकचकीत दाणा शिजायला तास घेतो. हे फिकट तपकिरी होतं, अर्ध्या तासाच्या आत फुटून मऊ झालं. ऋषिपंचमीला आईंनी तेच रांधलं. नांगर नाही, बैल नाही, तेव्हा उपासाला चालतं, असं त्यांनी ठरवलं. अळू, भोपळा, मक्याची कणसं घालून ऋषीची भाजी, वर दही. मग साकोलीला फोन लावला आणि धाकट्या जावेला सांगितलं की या साली तलावावर कुणाकडे देवधान निघालं तर पायलीभर घेऊन ठेव, मी आल्यावर पैसे देते.